आईची सही

११ जानेवारी, रविवार
प्रज्ञा पुण्याहून आली. न कळवता. दोन मोठ्या बॅगा. जेवताना म्हणाली, नोकरी सोडली. म्हटलं, दुसरी मिळेल. "दुसरी नकोय आई. मला भिक्खुणी व्हायचंय." मी पोळी वाढत होते. वाढली.
अठ्ठावीस वर्षांची पोर. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. ते असते तर काय म्हणाले असते, खरंच सांगता येत नाही.

१२ जाने., सोमवार
कॉलेजात बी.ए. फायनलला उदारमतवाद शिकवला. सव्वीस वर्षं तेच वाक्य: चांगलं जगणं कशाला म्हणायचं हे राज्याने ठरवू नये, ज्याचं त्याने ठरवावं. हिंगणघाटहून येणारी वैशाली उठली. "मॅडम, अन ज्याले ठरवताच नाई आलं, त्यानं कोनाले विचारावं?" वर्ग हसला. म्हटलं, प्रश्न चांगला आहे. उत्तर नसलं की मी असंच म्हणते.
संध्याकाळी प्र. गच्चीवर बसलेली. विचारलं, तिकडे कोणी त्रास दिला? फसवलं?
"नाही गं. सगळे चांगले होते. कोणी कशाला अडवत नव्हतं. काहीही करता येत होतं आणि काहीच करावंसं वाटत नव्हतं."

१८ जाने., रविवार
दोघी पुलगावला, माझ्या बाबांकडे. छप्पन साली नऊ वर्षांचे होते, बापाचं बोट धरून नागपूरला धम्मदीक्षेला गेलेले. पुढे जन्म गिरणीत गेला. नातीचं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज चढला.
"आमी धम्म घेतला तो मान वर करून जगन्यासाठी. तुले शिकवलं, इंजिनेर केलं, अन तू भांडं घेऊन भिक्षा मांगाले चालली? आमचे बापजादे दारोदार भाकर मांगत. ते सुटावं म्हणून तं..."
प्र. म्हणाली, "आबाजी, तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हाला माहीत होतं. मला तेच माहीत नाही."
"मंग थे टकलं करून समजते का?"


२२ जाने., गुरुवार
विहारातून कागद आला. समुद्रपूरच्या पुढे एका खेड्यात भिक्खुणींचा लहानसा विहार आहे, तिथून. आईवडिलांच्या परवानगीशिवाय दीक्षा देत नाहीत म्हणे, वय कितीही असो. जुना नियम. खाली रेघ: आईची सही.
मुलगी सज्ञान आहे. तिच्या आयुष्यावर सही करणारी मी कोण? सही केली तर माझा नसलेला हक्क वापरला. नाही केली तरी तोच हक्क, आणखी वाईट तऱ्हेने.
हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. तत्त्वाचं निमित्त आहे. ती जायला नकोय मला, एवढंच.

३१ जाने., शनिवार
भांडण. मी म्हटलं, कायद्याने तुला माझी गरज नाही, जा.
"कायद्याने नाहीच. म्हणून तर विचारतेय."
दार आपटलं. मी आपटलं, तिने नाही.

३ फेब्रु., मंगळवार
विहारातल्या ज्येष्ठ भिक्खुणींचा फोन. शांत बाई. सही नसली तरी तिला राहायला येऊ द्या, म्हणाल्या. तीन महिने राहील, केस काढणार नाही. बरं म्हटलं.
दुपारी बाबांचा फोन. "शालू, थे चीवर घालून आली तं मले तिच्या पाया पडा लागन. नातीच्या."
 मी फोन ठेवणार, तोच पुन्हा म्हणाले,
"पडीन म्हना तिले."
फोन ठेवल्यावर प्र.ला सांगितलं. ती मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

८ फेब्रु., रविवार
तिला जाम गावाच्या चौकापर्यंत सोडायला गेले. पुढची बस तिथून. चौकात ट्रकांची धूळ, ऊन चढलेलं. एका टपरीच्या बाकड्यावर बसलो. तिची एकच पिशवी. बॅगा घरीच.
चहा झाला. ती म्हणाली, "आई, एक सांगू? इतक्या दिवसांत तू हक्क म्हणालीस, कायदा म्हणालीस, आबाजींचं मन म्हणालीस. मी कशासाठी जातेय, हे तू एकदाही विचारलं नाहीस."
खरं होतं. दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायचं नाही, हेच मी सौजन्य समजत आले. पोटच्या पोरीशीही.
विचारलं.
ती सांगू लागली. अडखळत, मध्येच थांबत. बस आली, ती जाऊ दिली. दुसरीही. टपरीवाला म्हणाला, "ताई, आता तासभर नाई बरं गाडी." म्हटलं, चालेल.
तिसऱ्या बसने गेली. कागद पिशवीत, कोराच. तिने सही मागितली नाही, मीही पेन काढलं नाही.
ती जे बोलली ते इथे उतरवायला बसले होते. अर्धं मला समजलेलं नाही. पण उरलेलं अर्धं

नको. आधी पुन्हा तिच्याकडूनच ऐकायला हवं.