डावा स्पीकर

रविवार, ९ फेब्रुवारी.
सकाळी दूध तापवलं, उतू गेलं. गाडी धुतली. बाजारातून कोबी आणला. दुपारी झोप आली नाही. आता पत्राला बसलो आहे.

तीर्थस्वरूप दादांना वाकून नमस्कार. (तुमचा गुडघा दुखतो, तेव्हा मला उठवायला तुम्ही वाकू नका. माझा मी उठतो.) वहिनींचं पथ्य चालू आहे ना, आणि तुम्ही त्यांच्यासमोर बसून ते मोडत नाही ना? माझं ठीक आहे. पत्राची मला सवय नाही. तुमची बहीण होती तोवर तुम्हाला पत्रं तीच लिहायची आणि उरलेल्या कोपऱ्यात मी 'सा. न.' एवढं खरडायचो. आज अख्खा कागद मोकळा बघून जरा बिचकलो.

मुख्य विषय गाडीचा, आणि त्याला जबाबदार तुम्ही. ती गेल्यानंतर तुम्ही फोनवर म्हणालात, "भावोजी, गाडीत असे मुक्याने जाऊ नका. जरा चांगली गाणी लावा." थोरांचं ऐकावं म्हणून मी मनावर घेतलं. आमच्या गाडीत कंपनीने दिलेला जो स्टिरिओ होता, त्याचा डाव्या दारातला स्पीकर फार पूर्वीच गेला होता. (पावसात काच उघडी राहिली. ती कोणी उघडी ठेवली यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.) तेव्हा म्हटलं, निदान तेवढा बदलून घ्यावा.

दुकानदार माझ्याच वयाचा, पण कानात बाळी. त्याने जुना स्पीकर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, हा स्पीकर नाही, पुठ्ठा आहे." मी म्हटलं, फक्त डावा बदला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी एकाच पायाची चप्पल मागितली. मग त्याने समजावलं की डावा नवा बसवला तर उजवा फिका पडेल, दोन्ही बसवले तर जुना स्टिरिओ त्यांना पुरणार नाही, नवा स्टिरिओ घेतला तर सीटखाली ॲम्प्लिफायर लागेल, आणि एवढं करून डिकीत वूफर नसेल तर सगळं फुकट. दुकानात 'नको' म्हणायचं खातं आमच्या घरी तिच्याकडे होतं. मी मान हलवत राहिलो. शेवटी त्याने नमुना म्हणून काहीतरी लावलं, तेव्हा शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत आला आणि काय पडलं म्हणून विचारू लागला. माझा चष्मा घसरून नाकाच्या टोकावर. "आला ना बेस?" दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, आला.

वूफरला जागा हवी म्हणून डिकीतली स्टेपनी बाहेर निघाली. मागच्या सीटवर रिकामी खोकी होती, म्हणून त्याने स्टेपनी पुढे, डाव्या सीटवर बसवली. बसवली म्हणजे खरंच बसवली. वजन जाणवताच गाडी पट्टा लावा म्हणून टीं टीं करायला लागली, तेव्हा त्याने तिला पट्टाही लावला. येताना सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी आधी स्टेपनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उगाच हसलो. खोकी त्याच संध्याकाळी टाकून दिली. स्टेपनी मागे ठेवायची मात्र राहून गेली. (राहून गेली असंच म्हणू.)

आता गाण्याचं. तुम्ही लहानपणी तिला शिकवलेलं ते गाणं मी पहिलं लावलं. डावा स्पीकर बंद होता तेव्हा गायक उजवीकडून नीट ऐकू यायचा, पण दोन कडव्यांमधलं वाजवणं सगळं डाव्या बाजूला, ते ऐकूच यायचं नाही. ती रिकामी जागा तुमची बहीण भरायची. तोंडाने बासरी, आणि समोरच्या खणावर बोटांनी ठेका. नव्या स्पीकरवर ती जागा आली, आणि तिच्या दारातून स्वच्छ व्हायोलिन वाजायला लागलं. दादा, मी इतकी वर्षं तिथे बासरी आहे असं धरून चाललो होतो. शिवाय हे व्हायोलिन वेळेवर येतं. ती कायम एक श्वास उशिरा यायची, गायक काही तिच्यासाठी थांबायचा नाही, आणि पुढच्या कडव्याचे पहिले शब्द दोघांच्या धक्काबुक्कीत चेंगरायचे. ते शब्द काय आहेत हे मला परवा कळलं. बरे आहेत. गाडी थोडा वेळ बाजूला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. डावा बंद करून द्या, म्हटलं.
"खराब निघाला?"
"नाही, चांगला आहे."
"मग?"
"म्हणूनच."
"साहेब, लोक बंद घेऊन येतात नि चालू करून नेतात. तुमचं सगळंच उलटं!" असं म्हणून त्याने वायर न तोडता एका बटणाने सगळा आवाज उजवीकडे कसा ढकलायचा ते दाखवलं.

घरी येताना गाणं अगदी पूर्वीसारखं वाजलं. रिकामी जागा आली. कोणी काही म्हटलं नाही. पुढच्या कडव्यानंतर काच वर करून तोंडाने बासरीचा मीच प्रयत्न केला. सिग्नलला एका गृहस्थांनी काचेवर टकटक केली आणि पोटात दुखतंय का विचारलं. तर अशी परिस्थिती आहे. डावा चालू केला की व्हायोलिन येतं, बंद केला की काहीच येत नाही. बाकी आवाज उत्तम.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सही आज कोपऱ्यात न करता मधोमध करतो आहे.

ता. क. वूफर नवाकोरा आहे. तुमच्या गाडीला हवा असल्यास कळवा. वहिनींना आधी विचारा.

ता. क. ती म्हणायची, ती बासरी तुमच्याकडून आली, आणि तो उशीरसुद्धा. तसं असेल तर गुडघा परवानगी देईल तेव्हा एकदा या. बाजारापर्यंत चक्कर मारून येऊ. मी डावा बंद ठेवतो. बोलायला हवं असं काही नाही. सूर लागला नाही तर उलट बरं.

ता. क. डावी सीट बरीच मागे सरकते, पाय लांब करता येईल. पाकीट बंद करण्याआधी खाली जाऊन आलो. स्टेपनीचा पट्टा सोडला, तिला मागच्या सीटवर ठेवलं, आणि पुढच्या सीटवर टायरचा काळा गोल उठला होता तो ओल्या फडक्याने पुसून काढला.