उघड्या पोटाचा प्रोग्रॅम

४ मार्च
लेकीने ह्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा प्रोग्रॅम घालून दिला. ‘वहीत लिहिलंस तर आत्या वाचेल!’ खरं आहे — माझी नणंद घरात शिरली की आधी उशा उचलते. पण ह्या प्रोग्रॅमने नाव, जन्मतारीख, फोन नंबर, सगळं विचारलं. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनीही एवढी चौकशी केली नव्हती! शेवटी लेकीने वैतागून स्वतःचंच खातं जोडलं.

९ मार्च
लिहिलं — पलंगाची एक बाजू थंडगार असते. लगेच कडेला जाहिरात: ‘एकट्यासाठी सुटसुटीत पलंग, आज सवलतीत!’ ह्यांना जाऊन वर्ष नाही झालं, आणि मेल्यांनी पलंग विकायला काढला.

१० मार्च
त्यांच्या अटी वाचायला बसले. शाळा चौथीपर्यंतच, पण छापलेलं दिसलं की मी पुड्याचा कागदही सोडत नाही. ‘सेवा सुधारण्यासाठी आम्ही आपला मजकूर तपासू शकतो.’ वा! उद्या चोरही म्हणेल, सेवा सुधारायलाच कपाट फोडलं.

१२ मार्च
कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.
‘अटी वाचल्यात? काकू, वाचणारं माणूस आज पहिल्यांदा बघितलं!’
दुसरा प्रोग्रॅम घालतो म्हणाला. फुकट. फुकट म्हटलं की मी आधी दाराची कडी तपासते.
‘ह्याचं पोट उघडं असतं काकू. कसा बनवलाय ते कोणीही आत डोकावून बघावं.’
‘आणि माझं लिहिलेलं?’
‘पोट त्याचं उघडं, तुमचं नाही! तुमचं ह्याच डब्यात राहील. जुन्यातलं सगळं कंपनीकडे जात होतं.’

१३ मार्च
नवा काही विचारत नाही, काही विकत नाही. म्हणून आज लिहिते — मला ह्यांचा राग येतो. मला मागे ठेवून गेले.
जाहिरात आली नाही.

१७ मार्च
लेकीचा फोन. ‘आई, बरी आहेस ना? चार-पाच दिवस काहीच लिहिलं नाहीस.’
‘तुला गं कसं कळलं?’ मी विचारलं. ती रडायलाच लागली. ‘खातं माझं ना गं, मला सगळं दिसतं. फोनवर तू नुसतं “मजेत” म्हणतेस. मला कळायचं कसं?’
फोन ठेवून दिला. नणंद परवडली! ती निदान समोर येऊन उशी उचलते.

१८ मार्च
जुना प्रोग्रॅम अजून काढलेला नव्हता. त्यात एकच ओळ लिहिली — ‘वाचतेसच, तर येऊन बस.’
मी बघतेय तोवर त्याखाली आपोआप अक्षरं उमटली.
‘निघाले.’