पहिलं बोलावणं

रत्नागिरी, रथसप्तमी २००४

कुंदाताई,

कारखान्याच्या ऑफिसातल्या हळदीकुंकवाला तुम्ही राहीला दारात अडवलंत. राही स्वतःला बाई म्हणवत नाही आणि पुरुषही नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी चारचौघींत विचारलंत, “काय गो... की काय रे म्हणू? कुंकू लावू की नको?” सगळ्या हसल्या. वर तिळगूळ देऊन गोड बोल म्हणालात. राहीने तो टेबलावर ठेवला आणि नोकरी सोडली.

माझं राहीवर प्रेम आहे, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून तर तुमच्या गंधारसाठी मला मागणी घातलीत.

हे पत्र मी फाडणार आहे. होकार तेवढा कळवते. पुढच्या संक्रांतीला तुमच्या ओटीवर हळदीकुंकू माझं. पहिलं बोलावणं राहीला, आणि वाण तुमच्याच हातून देववीन.

तुमची होणारी सून,
उर्वी