वेशीवरचा दगड

हेझलवेल, इंग्लंड
५ ऑक्टोबर २०२५

ती. पप्पांस,
रिशेलचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही कानाचं यंत्र लावत नाही, म्हणून हे पत्र. कामाच्या नव्या घरी रुळले. डोरोथीबाई नव्वदीच्या आहेत, तोंडाने फटकळ, पण मनाने चांगल्या. नवरा गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडलेला नाही. सगळं काम मीच बघते.

गाव एवढासा. बसक्या मनोऱ्याचं चर्च, सामान लादलेली घोडी एकामागून एक जातील एवढाच रुंद दगडी पूल, आणि वेशीवर वरून खोलगट असलेला एक दगड. त्याला प्लेगचा दगड म्हणतात. साडेतीनशे वर्षांमागे इथे प्लेग आला, तेव्हा लोकांनी गाव आतून बंद करून घेतला. शेजारच्या गावचे लोक दगडावर पाव-पीठ ठेवून जायचे. आतले लोक त्या बदल्यात खळग्यातल्या व्हिनेगरमध्ये नाणी टाकायचे, साथ बाहेर जाऊ नये म्हणून. अजूनही नोव्हेंबरातल्या एका रविवारी शेजारगावची माणसं तिथे पाव आणून ठेवतात.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात आपल्या गावची गावपळण आहे, सगळा गाव तीन दिवस रानात जाणार, आणि तुम्हीही शेजारच्या दाजीकाकांबरोबर तिथे झोपडी बांधणार, असं कळलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही. गाव सोडायचाच आहे ना, मग ते तीन दिवस दोडामार्गला इझाबेल आत्याकडे जा. तिथे पलंग आहे, गरम पाणी आहे. हट्ट करू नका.

तुमच्या काळजीत असलेली,
रिशेल

*

२४ ऑक्टोबर २०२५

चि. रिशेल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, मग दाजीला वाचून दाखवलं. तुझा गाव दार लावून आत बसला आणि आपला गाव दार लावून बाहेर जातो, ह्याचं दाजीला फार हसू आलं. त्याचं म्हणणं, दोन्ही गावांचा देव एकच असावा, फक्त हुकूम देताना त्याची गल्लत झाली. मी त्याला सांगितलं, इंग्लंडातल्या थंडीत रानात झोपून बघ, मग कळेल गल्लत कोणाची.

इझाबेलकडे मी जाणार नाही. तिचं घर चांगलं आहे, तीही चांगली आहे. पण गाव सगळा रानात आणि मी पलंगावर पाहुणा, हे मला जमणार नाही. आपण ख्रिस्ती असलो तरी ग्रामदेवतेचा हुकूम माझ्या बाबांनी पाळला, त्यांच्या बाबांनी पाळला. आजारी माणसालासुद्धा गाव उचलून बाहेर नेतो, मागे ठेवत नाही. माझ्यासाठी दाजीने खुर्चीला बांबू बांधून ठेवलेत. तू नुसतो बस रे, बाकीचा आमी बघतो, असं म्हणाला.

आणि खरं सांगू? गावपळण येते तीन वर्षांनी, त्यामुळे तुझी आई गेल्यानंतरची ही पहिलीच. घरात बसून तिची आठवण मी रोज काढतो. ह्या वेळी चार माणसांत बसून काढीन म्हणतो.

तुझ्या डोरोथीबाईंना बाहेर जावंसं वाटतं का, हे कोणी विचारलंय? की सगळे नुसते त्यांना जपतच आहेत?

देव तुझं बरं करो.
तुझा,
पप्पा

*

हेझलवेल
१७ नोव्हेंबर २०२५

ती. पप्पांस,
रिशेलचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं. इथे मी परक्यांची म्हातारपणं सांभाळते आणि माझे पप्पा रानात गवतावर निजणार. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. पण तुमचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून डोरोथीबाईंना विचारलं.  त्या म्हणाल्या, दोन वर्षांत डॉक्टरने, पाद्रींनी, मुलाने, सगळ्यांनी तब्येत विचारली. हे तू पहिल्यांदा विचारलंस.

त्यांचा नवरा शेजारगावचा होता. लग्नाआधी दगडावर पाव ठेवायला तो यायचा, तिथेच त्यांची ओळख झाली. तो गेल्यावर त्या दगडाचं नावही त्यांनी काढलं नव्हतं.

काल पाव ठेवायचा रविवार होता, त्यांना चाकाच्या खुर्चीतून दगडाकडे नेलं. उतारावर चाक चिखलात असं रुतलं की मी ढकलते आणि खुर्ची जागची हलत नाही. डोरोथीबाई मला शिव्या देत होत्या. शेवटी चर्चमधून निघालेली माणसं धावत आली आणि त्यांना खुर्चीसकट उचलून दगडापर्यंत घेऊन गेली. तुमचे बांबू आठवले.

मी आदल्या दिवशी आंबोळ्या घातल्या होत्या, खाण्यासाठी. बाईंनी हट्टाने डबा बरोबर घ्यायला लावला. दगडापाशी म्हणाल्या, बाहेरून आलेल्याने ठेवायचं असतं, तेव्हा तूच ठेव. मी लाजत एक आंबोळी पावांच्या शेजारी ठेवली. त्यांनी ती सगळ्यांदेखत उचलून खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मग माझा हात धरून पुष्कळ रडल्या. येताना त्यांनी शेजारणीला गुरुवारी चहाला बोलावलं.

पप्पा, तुम्ही जा. गोळ्या, कानटोपी आणि जाड चटई न्या. दाजीकाकांना आणि सुगंधाकाकींना माझा नमस्कार सांगा.

तुमचीच,
रिशेल

*

१४ डिसेंबर २०२५

चि. रिशेल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल गावात परतलो. तीन दिवसांचे चार झाले, कारण तिसऱ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला नाही. दाजी वैतागला, त्याचे तांदूळ संपत आले होते. मी मात्र खुश. खुबा दुखला, खोटं कशाला सांगू. पण आजूबाजूला शंभर चुली पेटलेल्या, पोरं ओढ्यात डुंबत असलेली, भजनं चाललेली. पहिल्या संध्याकाळी तुझ्या आईचं, मर्लिनचं नाव काढलं आणि मला बोलता येईना. तेव्हा सुगंधाने पुढचं सांगायला घेतलं. मागच्या गावपळणीत तिने सुगंधाच्या कोंबड्याचं, आपला समजून, सूप केलं होतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

परतताना पुरुष पुढे निघाले, बायका मागून भांडीकुंडी आवरून येत होत्या. मी खुर्ची नाकारली, काठी घेऊन दाजीच्या खांद्यावर हात टाकून चाललो. घराचं कुलूप काढलं, आत गेलो. घर चार दिवसांचं गप्प होतं. पण गेली दोन वर्षं आत शिरताना जसं वाटायचं, तसं वाटलं नाही गो. वाटलं, मर्लिन अजून वाटेत आहे, बायकांबरोबर टोप घेऊन मागून येतेय.

दिवेलागणीपर्यंत दार मी उघडंच ठेवलं.

नाताळला घरची आठवण काढ, पण रडू नकोस. डोरोथीबाईंना आमच्या गावातर्फे सलाम.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
पप्पा