दोन तास चाळीस मिनिटं

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

बाबांचं तेरावं आटपून पोचल्याचा तुझा फोन आला. मी ठीक आहे. कालपासून दुकानात जायला लागले. चष्म्यांच्या काचा घासताना डोक्याला काम राहतं. बाबांची खोली अजून आवरलेली नाही.

परवा वहिनींचा फोन आला होता. तू जेवत नाहीस, कागदावर सारखे विमानाचे हिशोब मांडतोस म्हणाल्या. सतराशे किलोमीटर, दोन तास चाळीस मिनिटं. बॅग भरायला घरी गेलो नसतो तर साडेबाराचं विमान मिळालं असतं, सव्वाचारला घरात असतो, बाबा पाचला गेले. हेच ना? दादा, तो हिशोब थांबव. चूक त्यात नाहीच.

मी तुला त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन केला. पण डॉक्टरांनी आदल्या दिवशी, सोमवारी सकाळीच सांगितलं होतं, "ज्यांना बोलवायचंय त्यांना आजच बोलवा." मी गॅलरीत आले, फोनवर तुझं नाव काढलं आणि तशीच उभी राहिले. मग फोन पदराआड धरून आत गेले.

का, ते सांगायला तोंड नाही, म्हणून लिहिते. तू यायचा असलास की बाबा सकाळीच दाढी करून बसायचे. मग दोन दिवस तुम्ही दोघं गप्पा मारत बसायचात आणि मी आपली चहा-पाणी बघायचे. अकरा वर्षं त्यांचं सगळं मी केलं, त्याचं काही नाही. पण सोमवारी ते अगदी शुद्धीवर होते, बोलत होते. वाटलं, हा एक दिवस माझा. उद्या बोलवू.

आणि त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "त्याला कळवलंस?"

मी म्हटलं, "निघालाय."

जन्मभर डेपोत बसच्या वेळा लिहिलेला माणूस तो. लगेच बोटांवर मोजायला लागले. "दोन तास चाळीस. वर घरी यायला तासभर. म्हणजे चारपर्यंत येतोय." मला उशी उंच करायला लावली. चार वाजले, पाच वाजले. दार वाजलं की मान वळवायचे. एकदा पेपरवाला बिल घेऊन आला होता, एकदा शेजारच्या काकू. माझ्याशी धड एक वाक्य बोलले नाहीत रे.

सात वाजता मी सांगितलं, "विमान रद्द झालं, उद्या येतोय." तर म्हणाले, "धावपळ करू नको म्हणावं त्याला. आधीच दमलेला असतो."

तेव्हा तरी फोन करायचा होता. केला नाही. लाज वाटली, की राग आला, अजून कळत नाही. सकाळी त्यांची वाचा गेली, तेव्हा घाबरून तुला लावला. आणि दारात तू माझ्या गळ्यात पडून "मला उशीर झाला" म्हणून रडलास, तेव्हाही मी गप्प बसले.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

घराच्या कागदांवर सह्या करायला तुला पुढच्या महिन्यात यावं लागेल. त्या दिवसांत मी आत्याकडे जाऊन राहीन. माझं तोंड बघवणार असेल, तर नुसतं "थांब" एवढं कळव.

वहिनींना हे पत्र दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

कालपर्यंत तुझी असलेली,
धाकटी