एझराच्या दगडावरचे कापड

मी, केझिया गेबाडी, वय एकाहत्तर, कैलासवासी नव्हे तर प्रभूत निजलेल्या मोसेस गेबाडी यांची विधवा, टोरेस सामुद्रधुनीतल्या याच बेटावर जन्मले आणि इथेच मरणार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे फादर वाकाई सांगतात. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून पाहिला पुष्कळांनी, त्यांची नावे पुढे येतीलच. हे माझे पहिलेच मृत्युपत्र आहे, त्यामुळे आधीचे रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

एक. घर. घर माझे नाही, कौन्सिलचे आहे. मी डोळे मिटले की कौन्सिलचा माणूस मोजपट्टी घेऊन येईल. त्याला चहा द्यावा आणि सांगावे की माझी सून लेना आणि नात पौलीना इथेच राहणार आहेत. मागची पाण्याची टाकी मात्र मोसेसने मोत्यांचे शिंपले काढणाऱ्या बोटीवरच्या कमाईतून आणली होती. ती लेनाची. टाकीचा नळ शेवटपर्यंत पिळून बंद करावा लागतो. माझी चुलत जाऊ दमारिस पाणी न्यायला येते आणि नळ टपटपत ठेवून जाते. इतकी वर्षे सांगून मी थकले. टाकीवर तिचा हक्क नाही, पण तिला पाणी नाकारू नये. नळ मात्र तिच्या मागोमाग जाऊन बघावा.

दोन. शिवणयंत्र, पेटीतले न शिवलेले फुलाफुलांचे कापड आणि माझ्या सगळ्या चटया लेनाला. चर्चला जायचा पांढरा झगा मेल्यावर मला घालावा. दमारिसला तो आवडतो हे मला ठाऊक आहे. तिने आशा सोडावी.

तीन. एझराची होडी आणि तिचे इंजिन. एझरा माझा मुलगा. माझा एकुलता एक. मोठ्या कोळंबीसारखे दिसणारे, नांग्या नसलेले ते शेवंड पकडायला तो प्रवाळाच्या खडकात बुडी मारायचा. एका रविवारी संध्याकाळी तो वर आला, डोके दुखते म्हणाला, होडीत आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. त्या वेळी मी चर्चमध्ये होते. पहिल्या ओळीत उभी राहून समुद्रावर गेलेल्यांसाठी गात होते, आणि माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता. हे मी विसरू शकत नाही. होडी पौलीनाला. ती मुलगी आहे म्हणून कोणी तोंड वाकडे करू नये, ती दमारिसच्या दोन्ही मुलांपेक्षा नीट वल्हवते.

चार. आता दगड.

हे कलम मी गेल्या आठवड्यात लिहिले होते आणि आज खोडले आहे. खोडले ते का, हे लिहून ठेवते. नाहीतर माझ्या पश्चात दमारिस आपल्या मनाने सांगत सुटेल.

आमच्यात मयताच्या घरच्यांनी थडग्याच्या कामाला हात लावायचा नसतो. खड्डा, दगड, दगडावरचे कापड, सगळे सासुरवाडीच्या माणसांनी बघायचे. एझराचा दगड लेनाच्या भावाने, इसाकोने, मुख्य भूमीवरून घडवून आणला आणि रीतीप्रमाणे कापडात गुंडाळून उभा केला. मग घरच्यांनी दिवस ठरवायचा. त्या दिवशी कापड उतरते, फादर आशीर्वाद देतात, आणि आमच्या बेटावर मयताची आई सगळ्यांसमोर देवाचे आभार मानते. तिने आमेन म्हटले की पंगत बसते, ढोल वाजतात आणि दुखवटा सुटतो. तोवर कापडाखालचा दगड कोणाच्या नजरेस पडायचा नाही.

मी दिवस ठरवला नाही. नऊ वर्षे ठरवला नाही. आभार मानायचे कशाचे? तोंडाने म्हणायला काय जाते, असे दमारिस म्हणाली. तिचे काहीच जात नाही, हे खरे आहे. पण मला खोटे आभार मानता येत नाहीत. देवासमोर खोटे बोलायचे तर मग त्याच्याकडे जायचे तरी कशाला?

आणि मी जाते. रोज पहाटे घंटा होण्याआधी जाऊन बसते. लोकांना वाटते केझियाचा विश्वास खडकासारखा आहे. कसला खडक! मी गुडघे टेकते, हात जोडते आणि समोरून काहीही येत नाही. पूर्वी यायचे. लग्नाआधी, मोसेस आजारी होता तेव्हा, एझरा पोटात होता तेव्हा, मी डोळे मिटले की कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखे वाटायचे. आता तिथे बाक आहे आणि बाकावर वाळवी आहे. देव नाही असे मला एक दिवसही वाटले नाही. वाटले असते तर सुटले असते. तो आहे आणि माझ्याशी बोलत नाही, हे माझे दुखणे आहे. उन्हाळ्यात टाकी आटते तेव्हा घसा जसा होतो तसे माझे आत झाले आहे.

फादर वाकाईंना मी हे सांगितले. ते माझ्यासमोर लहानाचे मोठे झाले, म्हणून त्यांना सांगता येते.

ते म्हणाले, "मावशी, देवावर आशा ठेवा."

मी म्हटले, "फादर, नऊ वर्षं ठेवलीय. आता त्याला सांगा, तुझी पाळी."

"असं बोलू नये."

"मग काय बोलू? तुम्हीच सांगा, मी तसं बोलते. तेही ऐकत नाही तो."

साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही म्हणतात, म्हणून फादरना काही ठेवलेले नाही. तेवढेच कारण आहे असे समजू नये.

माझ्या हट्टापायी कोणाचे काय अडले हेही लिहिले पाहिजे. इसाको दरवर्षी नवे कापड आणतो, कारण जुने उन्हापावसाने कुजते. दगड दिसू नये म्हणून तो डोळे मिटून आधी नवे कापड टाकतो आणि मग खालून जुने ओढून काढतो. एझरा त्याचा मेहुणा, आणि मेहुण्याने मेहुण्याचे नाव घ्यायचे नसते, म्हणून तो नुसते "त्यांचं कापड बदललं, मावशी" असे सांगून जातो. बाजारातले सगळ्यात भारी कापड आणतो. आणि लेना. तिला बदू बेटावरचा एक भला माणूस दोनदा विचारून गेला. दुखवटा सुटल्याशिवाय तिला हो म्हणता येत नाही. तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलेले नाही. भांडली असती तर मी उलट भांडले असते. ती मुकाट्याने माझ्यासाठी माशाचे कालवण करते, आणि याचा मला फार संताप येतो.

या वर्षी वायव्येचा वारा सुटला आणि दगडावरचे कापड उडून गेले. सकाळी गावभर बातमी. पाण्याला, शाळेला, दुकानाला जायची वाट थडग्यांवरूनच जाते. सगळे बेट माना वळवून, काही जण तर उलटे चालत जाऊ लागले. दुकानदार नारळाच्या बुंध्यावर आपटला. इसाको नवे कापड घेऊन डोळे मिटून धावत गेला, चाचपडत एका दगडावर ते टाकले, दोऱ्या आवळल्या आणि निवांत घरी जाऊन जेवला. कापड दमारिसच्या सासऱ्याच्या दगडावर गेले होते. त्यांचा दगड वीस वर्षांपूर्वीच उघडलेला. एझराचा तसाच उघडा राहिला, आणि तिकडे कोणी बघतच नसल्यामुळे दुपारपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही.

दमारिस बोंबलत आली. "वहिनी, आमच्या म्हाताऱ्याला पुन्हा झाकला! आता परत जेवण घालायचं का आम्ही?"

मी हसले. नऊ वर्षांत हसले नव्हते तेवढे हसले, आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेले. मी काठी घेऊन निघाले, खाली बघत एझराच्या दगडापर्यंत गेले आणि त्याला पाठ टेकून बसले. कोणी चुकून बघू नये म्हणून आडोसा झाले, असे लोकांना सांगितले. इसाको दुसरे कापड आणायला शेजारच्या बेटावर गेला. मी तिथे संध्याकाळपर्यंत बसले होते. दगड उन्हाने तापला होता. माझ्या पाठीला कोरलेली अक्षरे टोचत होती. पोराचे नाव माझ्या पाठीला लागले होते आणि मला मान वळवायची नव्हती.

मला मान वळवायची होती. खरे सांगायचे तर मला इतके बघावेसे वाटले की रडू आले. किती वर्षांनी मला काहीतरी हवेसे वाटले. प्रार्थना केली नाही. "मला बघायचंय" एवढेच तोंडातून निघाले, आणि ते मी दगडाबद्दल म्हणाले की देवाबद्दल, हे मला आजही सांगता येणार नाही. उत्तर आले नाही. शेजारी येऊन कोणी बसले नाही. फादरनी यावर प्रवचन करू नये.

त्यानंतर मी कलम चार लिहिले: माझ्या मृत्यूनंतर माझा दगड जेव्हा उघडाल तेव्हा एझराचाही उघडावा, आणि लेनाने पुढे हवे ते करावे. मला ते फार उदारपणाचे वाटले. कागद टेबलावर ठेवला. लेनाने वाचला.

"आई, तुम्ही गेल्यावर आम्हाला कुणाची परवानगी लागणार आहे? हे कशाला लिहिलंत?"

"मग काय लिहू?"

"तुम्हाला बघायचाय की नाही, तेवढं लिहा."

"बघायचाय गं. पण आभाराचं काय? माझ्याकडे नाहीयेत."

"मग तिथं उभं राहून तसं सांगा," ती म्हणाली. "मी नऊ वर्षं तुमच्यासाठी कालवण करतेय, आई. मला पण कधी एकदा रडून मोकळं व्हायचंय."

मी तिच्यावर ओरडले. मग पेन मागितले.

म्हणून वरचे कलम चार रद्द, आणि त्याजागी हे. एझराचा दगड मी जिवंत असताना, येत्या जुलैत, आमच्या बेटांवर शुभवर्तमान पोचले त्याचा, म्हणजे प्रकाश आल्याचा, सण झाला की त्यानंतरच्या शनिवारी उघडावा. सणाला बाहेरगावची माणसे आलेलीच असतात. इसाकोने कापड उतरवावे. त्या आधीच मी मेले तर दिवस पुढे ढकलू नये, आणि लेनाने बदूला निरोप धाडायला माझ्या दगडाची वाट बघू नये. तिला माझा काहीही दुखवटा लागू नाही, हे मी लेखी देते.

पाच. त्या दिवशीचे जेवण. डुक्कर जमिनीखालच्या भट्टीत भाजावे, कंद नारळाच्या दुधात शिजवावेत, कच्च्या माशाला लिंबू ऐनवेळी लावावे. भट्टीवर दमारिसला बसवावे. भट्टी तिच्याइतकी चांगली कोणाला जमत नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेले नाही आणि आता म्हणणारही नाही. तिने इथे वाचावे.

जेवणाआधीचे आभार मी मानीन. आज ते माझ्याकडे नाहीत. त्या दिवशी असतील की नाही मला माहीत नाही, पण माझे देवाचे आभार मानणे अजून संपलेले नाही, एवढे मला कळते. म्हणून लोकांना आधीच सांगून ठेवावे. मी पुढे होऊन उभी राहीन, आणि शब्द आले नाहीत तर कोणी खोकू नये, गाणे सुरू करू नये, फादरनी माझ्या वतीने बोलू नये. सगळ्यांनी तसेच उभे राहावे. भट्टी गार झाली तरी चालेल.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून लिहिले आहे.

केझिया गेबाडी
आमच्या बेटावर, दिनांक २२ मार्च १९९१

साक्षीदार:

फादर एनोस वाकाई. आमच्या समक्ष सही केली. शुद्धीत आहेत. प्रवचन करणार नाही.

इसाको बानी, सुनेचा भाऊ. वाचले. आम्ही उभे राहू, मावशी.