चौथा नंबर

शनिवार, काष्टी. बाजार उठल्यावर.

आज विलासची यादी वाचून सुनीता लाजली आणि तिथंच माझं सगळं बिनसलं. आयुष्यात काय काय करायचं ते कॉलेजातल्या या हुशार दोस्तानं कागदावर लिहून आणलंय. एक, फौजदार. दोन, बुलेट. तीन, स्लॅबचं घर. चार, सुनीताशी लग्न. चौथा नंबर! बुलेटच्याही खाली! आणि ही लाजतेय. वर मलाच विचारते, "तुजं काय रं? कॉलेज तर सोडलंस. फुडं काय ठरवलंय का न्हाई?"

"यादी किराण्याची करत्यात," मी भडकलो.

"त्यानं माजं नाव तरी लिवलंय."

तेच डोक्यात घुमतंय. मघाशी मीही यादी करायला बसलो. एक नंबरला सुनीता लिहिलं. दोनला काय? काहीच सुचेना. मग असल्या यादीचा उपयोग काय? त्याच्याकडं ती चौथी आहे, हे तिला कळलं तरी. माझ्याकडं ती एकटीच आहे, हे मी कधी बोललोच नाही. नुसता भांडलो.

आई म्हणतेय, "भाकरी खाऊन जा." आल्यावर खाईन. आधी सुनीताच्या घरी. निघालो, दार ओढून घेतो.